छपराचा भार कोण वाहतो?



इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात, किंवा तुमच्या स्वतःच्या गावात, एखादी जुनी बांधीव विहीर असेल तर तिच्या काठावर उभे राहून एकदा नीट खाली बघा. पाणी किती उरले आहे ते उद्या बघता येईल. आज दगड बघा. चहूबाजूंनी माती आत रेटते आहे. पावसाळ्यात तीच माती भिजून आणखी जड होते. तरीही दगडांचे ते गोल कडे पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वर्षे जागचे हलत नाही. का बरे हलत नाही?

गवंडीदादांना विचारा, ते सांगतील. कड्यातला प्रत्येक दगड घडवताना आतल्या अंगाला थोडा निमुळता आणि मातीच्या अंगाला थोडा रुंद ठेवलेला असतो. त्याला आत पडायचे तर आधी डावी-उजवीकडच्या शेजाऱ्यांना बाजूला सारावे लागेल. आणि शेजाऱ्यांना त्यांचे शेजारी सरकू देत नाहीत. माती जितकी जास्त रेटील तितके हे दगड एकमेकांना घट्ट धरतात. एकट्याने पेलला नसता असा भार सगळे मिळून पेलतात.

तुम्ही म्हणाल, आजचे भाषण आहे जगातल्या नव्या, नवलाच्या इमारतींवर, आणि हे आम्हाला विहिरीत कशाला डोकावायला लावतात? त्याला कारण आहे. त्या इमारतींचे निम्मे मर्म तुमच्या विहिरीतच आहे, आणि उरलेले निम्मे बैलगाडीच्या चाकात आहे. कसे ते आता पाहू.

हल्ली पोरांच्या हातातल्या मोबाइलवर जगभरच्या इमारतींची चित्रे येतात. एक समुद्रकाठी शिडे उभारल्यासारखी, एक कमळ उमलल्यासारखी. स्पेनमधल्या बिल्बाओ शहरातले १९९७ साली उघडलेले संग्रहालय तर टायटॅनियम नावाच्या धातूच्या पत्र्यांनी मढवलेले, वेड्यावाकड्या वळणांचे आहे. ही चित्रे बघून कोणी म्हणतो, “काय ही थेरं! पैसा जास्त झाला की माणूस असं बांधतो.” दुसरा म्हणतो, “आपल्याकडं असं कधी व्हायचं!” मला वाटते, दोघेही घाई करतात. इमारत पाहिली की तिला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हिच्या छपराचा भार कोण वाहतो? दुसरा, हे छप्पर कोणासाठी घातले आहे? एवढे विचारले की थेर कोणते आणि थोर कोणते हे आपले आपल्यालाच कळू लागते.

सुरुवात जरा जुन्यापासून करू, म्हणजे नवे नीट समजेल. सोलापूरच्या पलीकडे, कर्नाटकात, विजापूरचा गोलघुमट आहे. गावाचे नाव २०१४ पासून सरकारी कागदांवर विजयपुरा असे झाले, पण आपल्या तोंडी विजापूरच बसले आहे. हा घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. हा तोच बादशहा, ज्याच्या पदरी शहाजीराजे होते. पुणे-सुप्याबरोबर आपला इंदापूर परगणाही शहाजीराजांच्या जहागिरीत होता, तेव्हा विजापूर आपल्याला अगदीच परके नाही. १६५६ साली बादशहा वारला तेव्हा ही इमारत उभी होती.

आत गेल्यावर माणूस आधी मान वर करतो. सुमारे ३८ मीटर रुंदीचा घुमट, आणि मध्ये एकही खांब नाही! आता पहिला प्रश्न विचारा. भार कोण वाहतो? उत्तर तुमच्या विहिरीत आहे. घुमट म्हणजे एकावर एक रचलेली कडी. वर वर जाताना प्रत्येक कडे लहान होत जाते. वरच्या कड्यांची ओढ आत आणि खाली पडण्याची असते, पण शेजारी शेजाऱ्याला पडू देत नाही. विहिरीत माती बाहेरून रेटते, घुमटात स्वतःचेच वजन रेटते, एवढाच काय तो फरक.

पण घुमटाच्या तळाशी गोष्ट उलटी होते. वरचा सगळा भार खाली येतो आणि तळाच्या कड्याला बाहेर ढकलू लागतो. तिथे दगड एकमेकांवर दाबले जात नाहीत, ते एकमेकांपासून फाकू पाहतात. फाकणाऱ्या दगडाला शेजारी काय धरणार? इथे विहीर संपते आणि बैलगाडी सुरू होते.

आता गाड्यांना रबरी टायर आले. पण साठीच्या पुढच्या मंडळींनी लोहाराला चाकावर धाव चढवताना पाहिलेले असेल. लोखंडाची धाव लाकडी चाकापेक्षा अंमळ लहान करायची. गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. चर्र आवाज होतो, वाफ उठते, आणि निवता निवता धाव अशी आवळते की आरे आणि लाकडी घेर सगळे एकजीव होऊन जाते. मग चाक खडकावरून गेले तरी फाकत नाही.

घुमटाच्या तळालाही अशीच काहीतरी धाव लागते. इटलीत रोम शहरी सेंट पीटर नावाचे ख्रिस्ती लोकांचे मोठे मंदिर आहे. त्याचा घुमट १५९० साली पुरा झाला. पुढे त्याला तडे दिसू लागले, तेव्हा १७४० नंतरच्या दशकात जाणत्यांना बोलावून त्याच्याभोवती लोखंडाची कडी आवळली. तीच धाव! विजापूरच्या कारागिरांनी वेगळी युक्ती केली. खालच्या चौकोनी दालनावर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी घातल्या आणि बांधकामाचे मोठे ओझे आतल्या बाजूला झुकते ठेवले. घुमट बाहेर रेटतो, हे ओझे आत ओढते. दोन्ही बाजूंनी सारखा दोर ओढला की रस्सीखेच जागच्या जागी थांबते ना, तसेच.

आता दुसरा प्रश्न. एवढे छप्पर कोणासाठी? एका बादशहासाठी, त्याच्या घरच्यांसाठी, आणि तेही मरणानंतर. कारागिरी अलौकिक, पण तिच्या सावलीत निजले ते एक राजघराणे.

गोलघुमटानंतर साडेतीनशे वर्षांनी आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या उत्तरेला गोराई इथे, त्याच्या दुपटीहून मोठा दगडी घुमट उभा राहिला. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडताना त्याचा सोनेरी कळस दुरूनच दिसतो. हा ग्लोबल विपश्यना पॅगोडा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि ध्यानाची विपश्यना पद्धत शिकवू लागले. नाशिक जिल्ह्यातले इगतपुरी हे त्यांच्या कामाचे मोठे केंद्र झाले. ज्या देशाने ही विद्या जपली त्याचे ऋण म्हणून पॅगोड्याचा आकार यांगोन शहरातल्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतला.

आतून या घुमटाची रुंदी सुमारे ८५ मीटर आहे. मध्ये खांब नाही. आठ हजार माणसे एकाच वेळी खाली बसून ध्यान करू शकतात. आपल्या आठवडी बाजाराची गर्दी डोळ्यांसमोर आणा, आणि ती सगळी एका छपराखाली, एकही खांब आड न येता, गप्प बसली आहे असे समजा. आणि हे काम काँक्रीटचे नाही बरे का! पाया काळ्या दगडाचा आणि घुमट राजस्थानातून आणलेल्या वालुकाश्माचा. एकेक दगड सहाशे-सातशे किलोचा. प्रत्येक दगडाला अशा खाचा आणि कंगोरे घडवले आहेत की तो शेजारच्या दगडात जाऊन अडकतो. उरलेल्या फटींत चुना भरला आहे. विहिरीचेच शास्त्र, फक्त शेजाऱ्याचा हात आणखी घट्ट धरलेला.

दगडात दगड नीट बसवला की तो किती काळ टिकतो, हे पाहायला इंदापूरकरांना गोराईपर्यंत जायला नको. उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले आणि भीमेकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिरही गेले. ज्या उन्हाळ्यात धरणाचे पाणी फार उतरते, त्या उन्हाळ्यात ते पुन्हा वर येते आणि माणसे डोळे भरून बघायला जातात. इतकी वर्षे पाण्यात राहूनही ते उभे आहे. बांधणाऱ्यांची नावे कोणाला माहीत नाहीत, पण त्यांचा हात अजून दिसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सांचीसारखे आपले जुने स्तूप आतून भरीव असतात. माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. गोराईचा पॅगोडा मात्र आतून पोकळ आहे, कारण माणसांना आत बसायचे आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही तसेच झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे उघड्या आभाळाखाली लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी डोक्यावर छप्पर नव्हते. पुढे वास्तुकार शिवदानमल यांच्या आराखड्यावरून १९७८ साली त्याच जागी काम सुरू झाले, आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते भव्य स्तूपाचे उद्घाटन झाले. उंची १२० फूट, आणि घुमटाचा व्यासही तेवढाच. हाही स्तूप पोकळ. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीशी थांबवले, त्यांची लेकरे-नातवंडे आज त्या घुमटाच्या बरोबर मध्यभागी जाऊन उभी राहतात. दुसऱ्या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

आता जरा देशाबाहेर जाऊ. तिथल्या आकारांचे कोडे सोडवायचे तर आधी एक नवी वस्तू समजून घेतली पाहिजे. दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. लोखंड ओढ सोसते. एकोणिसाव्या शतकात माणसाने या दोघांचे लग्न लावले. ओल्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घातल्या. म्हणजे काय झाले? चाकाची धाव बाहेरून आवळायच्या ऐवजी पोटातच बसली. तेव्हापासून छपराला हवे तसे वळण देता येऊ लागले, आणि पूर्वी कोणी मनातही आणले नसते असे आकार उभे राहिले.

ऑस्ट्रेलियात सिडनी बंदरावर संगीत आणि नाटकांसाठी ऑपेरा हाउस आहे. शिडांसारखे दिसते म्हटले ते हेच. १९५७ साली स्पर्धेत डेन्मार्कच्या यॉर्न उट्झन यांचे चित्र निवडले गेले. चित्र सुरेख, पण बांधायचे कसे हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येक शीड वेगळ्या वळणाचे, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा साचा, म्हणजे खर्चाला अंत नाही. काही वर्षे डोके लढवल्यावर १९६१ च्या सुमारास तोड सापडली. सगळी शिडे एकाच मोठ्या चेंडूतून कापून काढायची!

शिक्षकमित्रांनो, हे वर्गात दाखवायला एक कलिंगड पुरे. त्याच्या लहानमोठ्या फोडी करा, मुलांना गर खाऊ द्या, आणि साली टेबलावर उभ्या टेकवून ठेवा. प्रत्येक साल दिसायला वेगळी, पण वळण सगळ्यांचे एकच, कारण कलिंगड एकच. म्हणून काँक्रीटच्या फासळ्या ठरावीक साच्यांत आधी जमिनीवर ओतता आल्या, आणि मग वर नेऊन पोलादी दोरांनी ताणून एकत्र आवळता आल्या. आधी चार वर्षे लागतील म्हणाले होते, चौदा लागली. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. मतभेद होऊन उट्झन १९६६ साली काम सोडून गेले, आणि २० ऑक्टोबर १९७३ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले तेव्हा ते तिथे नव्हते. २००८ साली ते वारले. स्वतःची पुरी झालेली इमारत त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. नवे काही करणाऱ्याला काय काय सोसावे लागते, हेही मुलांना सांगायला हरकत नाही.

दुसरी इमारत आपल्या राजधानीत आहे. दिल्लीचे बहाई पंथाचे कमळ मंदिर, १९८६ साली पुरे झालेले. वास्तुकार इराणचे फरीबुर्ज सहबा. काँक्रीटच्या सत्तावीस पाकळ्या, वरून पांढरा संगमरवर, भोवती नऊ तळी. आत कोणत्याही धर्माच्या माणसाने यावे आणि शांत बसावे. पाकळी दिसते नाजूक, मग मोडत का नाही? याचाही प्रयोग सोपा आहे. वहीचा कोरा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवा आणि त्यावर खडूचा तुकडा ठेवा. कागद खचतो. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. आता खडू राहतो, दुसरा ठेवला तरी राहतो. कागद तोच, वजन तेच. ताकद आली ती घडीमुळे आणि वळणामुळे. अंड्याचे टरफल, केळीचे पान, घरावरचा नागमोडी पत्रा, सगळ्यांचे हेच गुपित आहे. म्हणजे आकार चमत्कारिक दिसला तरी तो उगाच नसतो. पुष्कळदा तोच भार वाहत असतो.

इथपर्यंत कौतुक झाले. आता ज्यासाठी हे सगळे सांगितले, त्या गोष्टीकडे येतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. धरणीने मारले असे आपण म्हणतो. पण नीट पाहिले तर बहुतेकांना मारले ते त्यांच्याच घरांनी.

ती घरे आपल्या ओळखीचीच होती. जाड भिंती, आत आणि बाहेर गोटे रचलेले, मधे चिखल. दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि त्यावर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात ते घर थंडगार राहायचे, म्हणून आजोबा-पणजोबांनी ते पत्करले. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी माती पडायची. छपराचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला, आणि तो कोण वाहतो हे कोणी विचारले नाही. धरणी हलली तेव्हा भिंतीचे दोन पापुद्रे फाकले आणि टनावारी माती निजलेल्या लेकरांवर आली. याउलट जिथे माळवद लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीवर होते, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण छप्पर वरच राहिले आणि खालची माणसे वाचली.

दगडाला दोष देऊ नका. गोराईचा घुमटही दगडाचाच आहे. फरक एवढाच, की तिथे प्रत्येक दगड शेजाऱ्याला धरून आहे, आणि किल्लारीच्या भिंतीत गोटा गोट्याला धरून नव्हता.

किल्लारीनंतर घरे पुन्हा बांधताना एक गोष्ट आवर्जून सांगितली गेली. दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना वळसा घालणारा, सळया घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा हवा. कोपऱ्यात तुटलेला चालणार नाही. हा पट्टा म्हणजे काय, ते आता तुम्हीच सांगाल. चाकाची धाव! रोमच्या घुमटाला जे लोखंडी कडे लागले, ते चार खणांच्या घरालाही लागते. जगातल्या मोठमोठ्या इमारतींचे आणि आपल्या घरकुलाचे शास्त्र एकच आहे. मोठ्या इमारतीला जाणता इंजिनियर भेटतो, लहान घराला पुष्कळदा भेटत नाही, एवढाच अन्याय आहे. आणि तो प्रश्न विचारल्याने थोडाफार दूर होऊ शकतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. यंदा तुमच्या वाडीवस्तीवर कोणाचे घर निघाले, शाळेची खोली निघाली, समाजमंदिर निघाले, तर रंग कोणता द्यायचा हे ठरवण्याआधी गवंडीदादांना आदराने दोन गोष्टी विचारा: “दादा, वरचा भार खाली कसा उतरतोय? आणि पट्टा चारी कोपऱ्यांत सलग फिरवलाय ना?” चांगला गवंडी रागावणार नाही. उलट हातातली थापी बाजूला ठेवून तुम्हाला समजावून सांगेल. आणि गुरुजी, बाई, तुम्ही मुलांना सिडनीची, दिल्लीची, गोराईची चित्रे जरूर दाखवा. पण त्याच दिवशी त्यांना गावातल्या विहिरीपाशी घेऊन जा, काठापासून चार हात दूर उभे करा, आणि विचारा की हे दगड पडत का नाहीत.